मापाचा ब्लाऊज

हस्मिकनं माझा ब्लाऊज हातात घेतला, बाहेरून पाहिलासुद्धा नाही, सरळ उलटा केला आणि जिभेनं च् च् केलं.

“बाहेर लग्न,” ती म्हणाली, “आत घटस्फोट.”

तिची मुलगी माने गॅरेजच्या दाराशी उभी होती. ती हसली. “आई सगळ्यांनाच असं बोलते. मनावर घेऊ नका.”

मी मनावर घेतलं. फ्रीमॉंटपासून सॅन होजेपर्यंतच्या बायका ब्लाऊज शिवायला माझ्या गॅरेजमध्ये येतात. दिवाळीच्या आधी तर तारखेसाठी भांडतात. आणि जिला मी काम द्यायला म्हणून बोलावलं, ती बाई माझ्या शिवणीवर बोट ठेवून विचारत होती, “एवढं कापड आत कशाला? बकरीची दाढी दिसते.”

मी नुसती हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चहा उतू चालला होता, म्हणून आत पळाले आणि ते राहूनच गेलं.

आमच्या दोघींचं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं. फरक इतकाच की मी चुकले की थांबते, आणि ती चुकली की वेग वाढवते. मराठीत सांगताना ते जरा शहाण्यासारखं वाटेल, पण प्रत्यक्षात अर्धं बोलणं हातांनी आणि उरलेलं कापडानंच व्हायचं.

ती मला सापडली कापडाच्या दुकानात. कात्र्यांच्या भिंतीशेजारी एक कागद लावलेला होता. विस्थापित आर्मेनियन कुटुंबं, कुशल माणसं, शिवणकाम, बेकिंग, दुरुस्ती, कृपया काम द्या. खाली फोन नंबरच्या पट्ट्या झालरीसारख्या कापलेल्या, आणि त्यातली एकही फाडलेली नव्हती. मला त्या झालरीचं वाईट वाटलं, म्हणून एक पट्टी फाडली. माझ्या परोपकाराची सुरुवात एवढीच.

फोन उचलणारीनं नाव सांगितलं, “माने.”

“माने? साताऱ्याच्या का?” माझ्या तोंडून मराठीतच गेलं.

तिनं अर्थ विचारला, मी सांगितला, आणि पुढचे कित्येक महिने ती फोन उचलताना “सातारा स्पीकिंग” म्हणायची. सव्वीस वर्षांची, तिकडे नर्स होती. इथे परीक्षा पास होईपर्यंत एका सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी राहत होती.

त्यांचं गाव स्तेपानाकेर्त. आर्त्साख नावाच्या डोंगराळ मुलखातलं. २०२३च्या सप्टेंबरात तिथे लष्करी हल्ला झाला आणि जवळजवळ सगळे आर्मेनियन आठवड्याभरात, एकाच रस्त्यानं बाहेर पडले. दोन तासांच्या त्या रस्त्याला यांना दीड दिवस लागला. गाडीत हस्मिक, तिचा नवरा सामवेल, सासू, माने आणि शेजारची तीन माणसं. शिलाई मशीन मावलं नाही. हे सगळं हस्मिकनं मला एकदाच सांगितलं, तेही मशीनचं सांगता सांगता. “झाकण घालून आले,” ती म्हणाली. “धूळ बसू नये म्हणून.”

त्या मशीनवर ती सत्तावीस वर्षं बसली होती. एका मोठ्या शिवणघराची मुख्य बेतणारी. लग्नाचे झगे, अधिकाऱ्यांच्या बायकांचे कोट, सगळे तिच्या कात्रीखालून जायचे. तिकडून येरेवान, तिथून वर्षभरानं सांता क्लाराला सामवेलच्या भावाकडे. इथे आल्यावर कामाचं कार्ड येईपर्यंत कायद्यानं हात बांधून बसायचं. चर्चच्या कमिटीतल्या बाई दर शनिवारी डाळ, तेल, पास्ता असा खोका आणून द्यायच्या. फार भल्या बाई. हस्मिक त्यांना दर वेळी कॉफी करून द्यायची आणि त्या गेल्या की खोका पायानं भिंतीकडे सरकवायची.

“मला खोका नको,” पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं. “मला गिऱ्हाईक दे.”

हे वाक्य मला कळायला इंग्रजी लागलं नाही. नवऱ्याच्या, गुरुनाथच्या नोकरीमागे मीही इथे आले, तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायला मनाई होती. एक-दोन नाही, अकरा वर्षं. बँकेत नोकरी करणारी बाई मी, इथे येऊन नवऱ्याच्या शर्टाची बटणं मोजत बसले. मग एक दिवस माझाच जुना ब्लाऊज उसवला, तुकडे जमिनीवर मांडले आणि परत जोडले. असे चाळीसएक उसवून जोडल्यावर शिवण आली. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे चुकाही सगळ्या स्वतःच्याच. परवाना हातात आला त्या दिवशी मी गॅरेजमधली गुरुनाथची सायकल बाहेर काढली आणि तिथे मशीन ठेवलं. सायकल अजून बाहेरच आहे.

तर कार्ड हातात आल्यावर हस्मिकला मी आधी फॉल-पिको दिलं, मग चेन बदलणं, मग पंजाबी ड्रेस. सहावार साडी पाहून तिनं विचारलं, “साडेपाच मीटर, आणि एकही कट नाही? मग शिंपी जेवतो काय?” मी म्हटलं, “ब्लाऊज.” ती मान हलवून म्हणाली, “एवढ्या मोठ्या जेवणात एवढीशी चटणी.” मला ती ‘शरयू जान’ म्हणायला लागली. त्यांच्यात कुणालाही जीव लावून हाक मारायची तर नावापुढे जान लावतात. गुरुनाथनं ते ऐकलं आणि म्हणाला, “बघ, एकवीस वर्षांत मला नाही सुचलं.”

“अजून वेळ गेलेली नाही,” मी म्हटलं. तो गाडी धुवायला निघून गेला.

मे महिन्यात एक खरीखुरी संधी आली. एल कॅमिनो या मोठ्या रस्त्यावर एका कोरियन गृहस्थांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. त्यांच्या काचेच्या खिडकीशी एक टेबल रिकामं होतं. आधी तिथे दुरुस्तीला बसणारा म्हातारा निवृत्त झाला होता. हस्मिक जाऊन त्यांच्या एका कोटाचं अस्तर बदलून आली. त्यांनी अस्तर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ऑगस्ट संपेपर्यंत मी टेबल धरून ठेवतो. तोवर तुझी स्वतःची गिऱ्हाइकं किती होतात ते दाखव. नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाला मागतोय, त्याला देईन.

सामवेलच्या भावानं तिच्यासाठी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम बघून ठेवलं होतं. तिनं त्याला सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगितलं. ऑगस्टपर्यंत गिऱ्हाइकं, नाहीतर हॉटेल. इतका सरळ हिशोब होता. रोज संध्याकाळी घरी जाताना ती मुद्दाम त्या खिडकीवरून जायची. एकदा मी सोबत होते. तिनं बाहेरून काचेवर बोट टेकवून दाखवलं, दिवा इथे, आरसा तिथे, आणि खुर्ची अशी, म्हणजे रस्त्यावरून तोंड दिसेल, पाठ नाही.

आणि मग वीणाचा फोन आला.

वीणा म्हणजे आमच्या मंडळाची सांस्कृतिक सचिव. दिवसा क्युपर्टिनोत मॅनेजर, संध्याकाळी आमची मॅनेजर. श्रावणात मंगळागौरीचे खेळ बसवले होते. अठराजणी, सगळ्या नऊवारीत, सगळ्यांचे ब्लाऊज एकसारख्या खणाचे. खण चार जणांच्या सुटकेसमधून भारतातून आलेले, मोजून अठरा.

“शरयू, यार, तूच कर हे. दुसऱ्या कुणाला दिलं तर वाट लावतील.”

“मी एकटी नाही करणार. हस्मिक शिवेल, मी बघेन. सगळ्यांना सांग, ती शिवतेय म्हणून.”

“ती रेफ्युजी बाई? ऑ, सो स्वीट. नक्की. सगळ्यांना आवडेल ते, कॉज आहे ना.”

मला ते कॉज थोडं टोचलं. पण अठरा गिऱ्हाइकं एकदम. त्या अठराजणींना आपापल्या मैत्रिणी. टेबल मला दिसायला लागलं होतं.

अठराजणींनी खणासोबत आपापला मापाचा ब्लाऊज पाठवला. हस्मिकनं ती चळत पाहिली. “हे काय? बायका कुठे आहेत?”

“बायका ऑफिसात आहेत. हा मापाचा ब्लाऊज. याच्या मापानं नवा शिवायचा.”

“टेपनं माप घेऊ. मी जाते प्रत्येकीकडे. दहा मिनिटं.”

“नको गं. नाही आवडत बायकांना. असंच करतात आमच्याकडे.”

तिनं खांदे उडवले आणि टेप गळ्यातच राहू दिला.

त्याच आठवड्यात सांगलीहून भावाचा फोन, आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन. मी तिसऱ्या दिवशी विमानात बसले. निघताना हस्मिकसाठी दोन पानं लिहून ठेवली. गळा किती खोल, बाही कुठवर, हुक कुठल्या बाजूला, खणाचे काठ कुठे यायला हवेत, अस्तर आधी पाण्यातून काढायचं. चित्रं काढून दिली. सगळं लिहिलं. एक सोडून.

मापाचा ब्लाऊज ही काय चीज आहे, ते शिंपणीला कुणी सांगत नाही. बाई तुम्हाला तिचा सगळ्यात चांगला बसणारा ब्लाऊज देत नाही. ती तुम्हाला एके काळी चांगला बसणारा ब्लाऊज देते. कुणाचा लग्नातला, कुणाचा पहिल्या बाळंतपणाच्या आधीचा, कुणाचा जिम लावली होती त्या वर्षीचा. वर सांगते, “याच्यापेक्षा किंचित सैल चालेल, पण नको, असाच कर.” आपण तसाच करायचा. फक्त दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत दीड-दीड इंच माया ठेवायची, म्हणजे राखून ठेवलेलं कापड. बाई घालून बघते, “हल्ली जरा घट्ट होतंय का गं?” म्हणते, आपण “खणच असा ताठ असतो हो” म्हणतो आणि दोन टिपा उसवून देतो. कुणी काही बोललेलं नसतं, कुणी काही ऐकलेलं नसतं. बाईचा मान राहतो आणि ब्लाऊजही बसतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलंय की त्या दोन पानांवर ते लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

सांगलीच्या हॉस्पिटलच्या पॅसेजमधून मी व्हिडिओ कॉल करायची. ती एकेक ब्लाऊज खांद्याला धरून दाखवायची. खणाचे काठ बाहीवर असे आलेले की जणू विणतानाच ठरवलं होतं. “सुंदर,” मी म्हणायचे. “हस्मिक जान, सुंदर!” मागून आई विचारायची, कोण गं ती, मुसलमान आहे का? मी सांगायचे, नाही, ख्रिश्चन. आई म्हणायची, हात चांगला आहे तिचा.

मी परत आले तेव्हा कार्यक्रमाला पाच दिवस होते आणि ट्रायल दुसऱ्या दिवशी, वीणाच्या घरी. गॅरेजमध्ये अठरा ब्लाऊज हँगरवर. त्यांच्या खाली हस्मिक, हात पोटावर बांधून, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी.

मी पहिला ब्लाऊज काढला आणि उलटा केला.

आत एकही दोरा सुटलेला नव्हता. शिवणीच्या कडा पाव इंचावर कापून, त्यांना अस्तराच्या रेशमाची बारीक पट्टी फिरवून, हातानं टाके घातले होते. आतून असा ब्लाऊज मी जन्मात पाहिला नव्हता. तो उलटा घालून मिरवावा असा होता. मी दुसरा उलटा केला, मग तिसरा.

“आता आतही लग्न,” ती म्हणाली.

“उरलेलं कापड?”

“चिंध्या? फेकल्या. एवढ्या एवढ्याशा होत्या.”

मी म्हटलं, फार सुंदर झालेत. दुसरं काय म्हणणार? रात्रभरात अठराजणी बारीक होतील अशी काही सोय नव्हती.

वीणाच्या घरी सगळा गोतावळा जमला होता. टेबलावर ढोकळा आणि समोसे, जे त्या प्रसंगी माझ्या डोळ्यांत खुपायला लागले. सुलभाकाकू सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या. त्यांना खेळायचं नव्हतं, गाणी सांगायची होती. नागपूरच्या, मुलाकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. बायका आपापला ब्लाऊज घेऊन खोल्यांमध्ये गेल्या. आधी हसू ऐकू आलं.

“ए अस्मिता, हुक लावून दे गं. श्वास सोड. अगं, सोड म्हणजे आत घे!”

“माझा हातच जात नाहीये बाहीत.”

“वेट, हा तुझा तर नाही ना? नाव बघ.”

मग हसू कमी झालं. एकेक जण ओढणी पांघरून बाहेर यायला लागली. पुढून चार बोटांचं अंतर राहत होतं. कुणाचं तीन, कुणाचं पाच. हस्मिक मनगटाला टाचण्यांची उशी बांधून उभी होती, प्रत्येकीकडे वळून बघत होती आणि तिला काय झालंय ते कळत नव्हतं.

वीणा माझ्याजवळ आली. “शरयू, यू डिड नॉट चेक?”

“मी भारतात होते, वीणा.”

“हो गं, ते आहेच. ठीक आहे, थोडे उसव ना. नेहमी करतेस तसं.”

“उसवायला आत काही नाही.”

सुलभाकाकूंनी एक ब्लाऊज उलटा करून पाहिला. “अगंबाई. मायाच ठेवली नाही का हिनं? पण काम बघा काय केलंय. अप्सरेनं केल्यासारखं.”

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “मी तिला सांगितलं नाही.”

“नाही गं, तुझी कशी?” अस्मिता म्हणाली. “तिला माप घेता आलं नसेल नीट. जाऊ दे बिचारी. त्यांच्याकडे ब्लाऊज कुठे असतात!”

“आपण हेल्प म्हणूनच दिलं होतं ना तसंही,” मागून कुणीतरी म्हणालं.

हे सगळं मराठीत चाललं होतं, तिच्या तोंडासमोर, आणि सगळ्या तिच्याकडे बघून गोड हसत होत्या. भाषा कळत नसली तरी शिवणकाम करणाऱ्या बाईला ‘तुझं चुकलं’ हे कळतं. तिचे कान लाल झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “घट्ट झालेत.”

“घट्ट?” ती म्हणाली. “नाही. शक्य नाही.”

तिनं टेबलावरची ढोकळ्याची ताटली बाजूला केली. कोपऱ्यात मापाच्या ब्लाऊजांची चळत होती, त्यातला वरचा उचलला, टेबलावर पसरवला. राधिकाचा होता तो, राणी रंगाचा. त्याच्यावर राधिकाचा नवा खणाचा ब्लाऊज ठेवला. खांद्याला खांदा, बगलेला बगल. तळहातानं सपाट केला. एका धाग्याचा फरक नव्हता.

“सारखा,” हस्मिक म्हणाली. मग दुसरा उचलला. “बघा. सारखा.” मग तिसरा, अस्मिताचा. “सारखा. सारखा!” तिचा आवाज चढत गेला. ती कुणावर चिडलेली नव्हती. ती फक्त सत्तावीस वर्षांचा हात टेबलावर मांडून दाखवत होती. आणि अठराजणी, ओढण्या घट्ट धरून, आपापली दहा-पंधरा वर्षं त्या टेबलावर उलगडलेली बघत होत्या.

राधिका पुढे झाली, तिनं तो राणी रंगाचा ब्लाऊज हस्मिकच्या हाताखालून ओढून घेतला, रडतच बाथरूममध्ये गेली आणि दार लावलं. तिची दोन वर्षं औषधोपचारात गेली होती. त्या गोळ्यांनी तिचं अंग असं झालं होतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं आणि म्हणूनच कुणी कधी तिच्यासमोर वजनाचा शब्द काढत नव्हतं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मोठ्यानं, इंग्रजीत, हस्मिकला कळेल असं. की हिचं माप बरोबर आहे, खोटं माप आपण दिलं. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्या अठराजणी माझ्याही गिऱ्हाईक होत्या. मी टाचण्यांची डबी बंद केली, परत उघडली.

“काकू,” वीणा सुलभाकाकूंना म्हणाली, “गाण्याची प्रॅक्टिस घेऊया का?”

गाडीत हस्मिकनं टाचण्यांची उशी मनगटावरून सोडून मांडीवर ठेवली. लॉरेन्सच्या सिग्नलला तिनं विचारलं, “ती का रडली?”

मी सांगितलं. राधिकाचं, मग मापाच्या ब्लाऊजचं, मग मायेचं. सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला, मागचा हॉर्न वाजवून पुढे गेला.

“म्हणजे सगळ्या चुकीचं माप देतात.”

“हो.”

“आणि शिवणारीनं ते ओळखायचं. पण ओळखलं असं दाखवायचं नाही.”

“हो.”

“हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही.”

तिनं मान हलवली. “मी विचारलं होतं तुला. टेप घेऊन जाते म्हणून.”

“विचारलं होतंस.”

एवढंच. यापुढे तिनं मला कधी त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

पुढचे दोन दिवस तिनं अठरा ब्लाऊजांच्या बगलेखाली जोड दिले. खण मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच रंगाचं रेशीम शोधून आणलं आणि त्यावर हातानं खणाची बुट्टी भरली. हात वर केल्याशिवाय दिसणार नाही असा जोड. पण मंगळागौरीत हात वरच असतात. मी ते घेऊन वीणाकडे गेले, तर तिच्या दारात सनीवेलच्या एका दुकानाच्या पिशव्या होत्या. ताणले जाणारे तयार ब्लाऊज, अठरा, एकाच रंगाचे.

“अगं, सगळ्यांनाच टेन्शन आलं होतं,” वीणा म्हणाली. “हे सेफ आहे. तिचे पैसे तर आम्ही दिलेच आहेत ना, पूर्ण? तिला वाईट नको वाटायला. आणि हे बघ...” ती आतून एक मोठा खोका घेऊन आली. “माझ्या लेकीचे, रुचाचे ड्रेस आहेत, एकदम नवे, तिच्या मुलीला होतील. देशील ना?”

वीणा मनानं वाईट नाही. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी खोका उचलला, आणि ‘नको’ म्हणायला लागतो तेवढा श्वास माझ्याकडे नव्हता. खोका कुठे ठेवायचा हे कळेना, म्हणून गाडीच्या डिकीत तसाच फिरत राहिला.

कार्यक्रम झाला. फुगड्या छान झाल्या, व्हिडिओ आले, लोकांनी हार्ट टाकले. कुणी हस्मिकबद्दल वावगं बोललं नाही. फक्त कुणी फोनही केला नाही. मी आपण होऊन विचारलं तर उत्तरं यायची. “सध्या काही नाही गं शिवायला.” “डिसेंबरमध्ये भारतात जातोय, तिकडेच शिवून आणू.” एकीनं तर खरं सांगितलं, “तिच्यासमोर उभं राहायला नको वाटतं गं. टेबलावर मांडलं ना तिनं.”

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटीच त्या कोरियन गृहस्थांकडे गेले. म्हटलं, माझं निम्मं काम मी तिला देते, माझं नाव धरा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, तुमच्या बायका इथे खिडकीत येऊन माप देतील का? मी त्यांच्या काउंटरवरची घंटी जरा बाजूला सरकवली. ते म्हणाले, तिचा हात फार चांगला आहे. तिला सांगा, मी असं म्हणालो. एक सप्टेंबरला खिडकीत मोबाइलच्या फुटलेल्या काचांचा बोर्ड लागला.

मानेला मी फोन केला. या वेळी ती “सातारा” म्हणाली नाही.

“आई काय म्हणते?”

“म्हणते, हॉटेलात चादरी असतात. चादरीला माप नसतं.” मग म्हणाली, “विनोद करतेय, म्हणजे बरी आहे. काळजी करू नका मावशी.” मावशी हा शब्द तिनं माझ्याकडून उचलला होता.

पहिल्या दिवशी हस्मिकला हॉटेलवर मी सोडलं. सहाची पाळी, इतक्या लवकर बस नव्हती आणि सामवेलची गाडी कामावर गेली होती. ती इमारतीतून बाहेर आली तेव्हा नुकतं फटफटत होतं. अंगावर हॉटेलचा राखाडी झगा. हॉटेल तो एकाच मापात देतं, पोत्यासारखा. तिनं घरी नेऊन तो खांद्यात उचलला होता, कमरेत घेतला होता, कॉलर बसवली होती. ती त्यात खोल्या आवरणारी बाई वाटत नव्हती. हॉटेलची तपासणी करायला आलेली वाटत होती.

“छान दिसतेस,” मी म्हटलं.

“खोटं माप नाही ना देत?” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. विमानतळाजवळच्या हॉटेलपर्यंत ती कॉलर नीट करत राहिली.

मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पिंपांपलीकडे, कामगारांचं दार होतं. तिथे चार-पाचजणी त्याच राखाडी झग्यात उभ्या होत्या. एक बुटकी, फिलिपिनो असावी, हस्मिकच्या खांद्याकडे बघत राहिली आणि मग नकळत तिनं स्वतःचा लोंबणारा खांदा वर ओढला. आतून कुणीतरी दार उघडलं. हस्मिकनं मागे वळून मला हात केला, बोटं नीट जुळवून, आणि सगळ्यांबरोबर आत गेली.

मी गाडी वळवायला लागले तेव्हा शेजारच्या सीटवर तिचा डबा दिसला. फडक्यात बांधलेला. पालेभाज्या भरून तव्यावर भाजलेली त्यांची भाकरी, अजून गरम. मी गाडी तिथेच टाकली आणि धावले.

दार जाड होतं, पत्र्याचं. बाहेरून त्याला मूठच नव्हती. एक काळी पट्टी होती फक्त, कार्ड टेकवायची. मी आधी बोटांनी वाजवलं, मग तळहातानं, मग नावानं हाक मारली. आत धुलाईची मोठी यंत्रं सुरू झाली होती. भिंतीतल्या जाळीतून धुतलेल्या चादरींची वाफ बाहेर येत होती.

तिची जेवणाची सुट्टी साडेदहाला होणार होती. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी दारासमोरच्या कठड्यावर बसले आणि डबा निवू नये म्हणून ओढणीखाली धरला.